वाचकांचे प्रश्न : बोट फ्लोरिडात, आपण पुण्यात आणि वादळ वाटेत

मे उजाडला की माझ्या मेलबॉक्सला उधाण येतं. एरवी लोक विचारतात कुठली बोट घेऊ, जुनी घेऊ का नवी, बायकोला कसं पटवू, पण १ जून जवळ आला की सगळ्यांचा प्रश्न एकच, हरिकेन सीझनमध्ये हिचं करायचं काय. अटलांटिकमध्ये हा सीझन ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो आणि सगळ्यात जोर साधारण १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे नेमका आपल्या गणपतीचा टाइम, आणि आपल्यातले निम्मे लोक तेव्हा देशात मोदक खात असतात. मी मूळचा रेवदंड्याचा, बरीच वर्षं फ्लोरिडात, स्वतःची ३४ फुटी सेलबोट आहे, आणि खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं खिसा रिकामा करून शिकलोय. यावेळी सहा पत्रं घेतली, एक थेट अलिबागहून आलंय.

काका, आमच्या घरामागे कॅनॉल आहे आणि तिथेच आमचा डॉक. गेल्या हिवाळ्यात ३६ फुटी सेकंड हँड सेलबोट घेतली. सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून जुलै ते सप्टेंबर आम्ही दोघंही पुण्यात असणार. शेजारी म्हणतात कॅनॉल एकदम सेफ, लाटच येत नाही, डबल दोऱ्या बांधा आणि बिनधास्त जा, मी लक्ष ठेवतो. यार्डवाले हॉल-आउट म्हणजे बोट पाण्यातून वर काढणं आणि तीन महिन्यांचं भाडं मिळून जो आकडा सांगतायत तो ऐकून पोटात गोळा आला. काय करू?
— एक वाचिका, टँपा

यार्डात ठेवा ताई. गोळा एकदाच येईल.

तुमचे शेजारी खोटं सांगत नाहीयेत, कॅनॉलमध्ये लाट येत नाही हे खरंच आहे. पण बोटींचं जास्त नुकसान लाटेने नाही, पाण्याच्या पातळीने होतं, आणि पाणी कॅनॉलमध्ये पण तेवढंच चढतं. २०२४ चं हेलीन वादळ आठवा. २६ सप्टेंबरला ते टँपापासून शंभरेक मैल लांबून, समुद्रातूनच वर गेलं, जमिनीला लागलं ते पार उत्तरेला पेरी गावाजवळ, तरी टँपा बे म्हणजे तिथल्या खाडीत पाणी नेहमीच्या भरतीच्या रेषेवर सहा फुटांहून जास्त चढलं. मग तेरा दिवसांनी मिल्टन आलं, ते सिएस्टा कीला म्हणजे तुमच्या दक्षिणेला लागलं, आणि त्याने त्याच बेचं पाणी उलट ओढून बाहेर काढलं. इर्माच्या वेळी, २०१७ मध्ये, तर लोक बेच्या उघड्या पडलेल्या तळावर फिरायला गेले होते. कारण साधं आहे, इथे वादळाचं वारं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, डोळा म्हणजे वादळाचं केंद्र तुमच्या पश्चिमेने समुद्रातून वर गेला तर वारं पाणी आत लोटतं, दक्षिणेला जमिनीत घुसला तर जमिनीवरून समुद्राकडे वारं आणि पाणी बाहेर. आता तुम्हीच सांगा दोरी बांधायची कुठल्या हिशोबाने? सहा फूट चढेल म्हणून सैल ठेवली तर बोट रात्रभर डॉकला धडका देणार, आवळून बांधली तर पाणी चढताना क्लीट म्हणजे दोर बांधायची खुंटी उपटून निघणार, आणि पाणी खाली गेलं तर तीच बोट दोऱ्यांना लटकणार. सगळ्यात वाईट काय तर पाणी डॉकच्या वर जातं, बोट खांबांच्या डोक्यावरून आत सरकते, आणि पाणी उतरलं की त्या खांबावर बसते. खांब तळातून आरपार. असं मी एका कॅनॉलमध्ये स्वतः बघितलंय, केबिनच्या मधोमध लाकडी खांब उभा, बाजूला टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या तशाच्या तशा.

आणि शेजारी लक्ष ठेवतील म्हणता, पण वादळ खरंच तुमच्याकडे वळलं तर त्या भागाला आधी इव्हॅक्युएशनची ऑर्डर येणार, ते ऑर्लँडोच्या एखाद्या हॉटेलात बसलेले असणार, त्यांचं काही चुकणार पण नाही.

यार्ड म्हणजे पण कुठलंही यार्ड नाही. पहिलं विचारायचं जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, कारण सर्ज म्हणजे वादळाने चढलेलं पाणी यार्डात शिरलं तर बोट स्टँडवरून तरंगत निघते आणि मग ती कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. इयानच्या वेळी (२८ सप्टेंबर २०२२) फोर्ट मायर्सकडच्या बोटी रस्त्यावर, घरांच्या अंगणात, एकमेकींवर रचल्यासारख्या पडलेल्या सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्यात. जरा आतलं, नदीवरचं किंवा ओकीचोबी वॉटरवेवरचं यार्ड मिळत असेल तर दोन दिवस जास्त मोटरिंग करून तिकडे जा. दुसरं, खाली काँक्रीट आहे का माती. मातीत पाऊस मुरला की स्टँडचा पाय रुततो, एक स्टँड दोन इंच खाली गेला की बोट त्या बाजूला कलते, म्हणून माती असेल तर प्रत्येक पायाखाली प्लायवूड हवंच. लक्षात घ्या, बोटीचं सगळं वजन कीलवर, म्हणजे तळाच्या जड पात्यावर असतं, स्टँड फक्त तोल सांभाळतात. म्हणून समोरासमोरचे स्टँड कीलखालून साखळीने एकमेकांना बांधलेले पाहिजेत, नाहीतर बोट वाऱ्याने थरथरायला लागली की ते हळूहळू बाहेर चालत जातात, अक्षरशः चालतात. तुमच्या साइजला एका बाजूला चार-पाच तरी मागा. तिसरं, जमिनीला स्ट्रॅप मारतात का, म्हणजे डेकच्या क्लीटपासून खाली काँक्रीटमधल्या कड्यांना किंवा जमिनीत पिळून घातलेल्या स्क्रू-अँकरला. हे स्ट्रॅप पॉलिएस्टरचे पाहिजेत, नायलॉनचे नाहीत. पाण्यात ताणणारी दोरी लागते, जमिनीवर न ताणणारी, हा फरक यार्डातल्या पोरांना पण कधीकधी माहीत नसतो.

चौथी गोष्ट बाजूची बोट. तुमची तुम्ही कितीही नीट बांधा, शेजारची तीन वर्षं कोणी न बघितलेली, मास्ट (डोलकाठी) उभा, शिडं चढवलेलीच अशी असेल तर ती पडताना तुमचीला घेऊनच पडणार, देवळाबाहेरच्या सायकली पडतात तशा. परवडत असेल तर स्वतःचा मास्ट उतरवूनच ठेवा, उभा मास्ट वाऱ्यात कंप पावतो आणि तो कंप खाली स्टँडपर्यंत जातो.

आता शिडांबद्दल, कारण इथेच लोक आळस करतात आणि मी पण केला. काही वर्षांपूर्वी मी अलिबागला होतो, बोट यार्डात, पुढचं शीड फर्लरवर म्हणजे ते गुंडाळायच्या नळीवर गुंडाळलेलं तसंच. यार्डवाल्याला फोन केला, तो म्हणाला हो हो दोरी गुंडाळून बांधली. हरिकेन पण नव्हतं ते, साधं ट्रॉपिकल स्टॉर्म. शिडाचा खालचा एक कोपरा हातभर सुटला, बस. त्या हातभर कापडात वारा शिरला आणि त्याने उरलेलं शीड एकेक वेटोळं करत सोडवलं, मग ते रात्रभर चाबकासारखं वाजत होतं, सकाळपर्यंत कापडाच्या चिंध्या, मास्टला पुढून धरणारा तारेचा फोरस्टे वाकडा, आणि मास्टच्या झटक्यांनी दोन स्टँड इतके सरकले होते की बोटीला हात लावायची भीती वाटत होती. शीड काढून पिशवीत भरायला मला फार तर वीस मिनिटं लागली असती. म्हणून सगळी शिडं खाली, बिमिनी आणि डॉजर ही कापडी छपरं कापड-पाइप सकट खाली, सोलर पॅनल खाली, बूम खाली, डिंगी घरात किंवा गॅरेजमध्ये. दोरखंडाच्या जागी पातळ सुतळी ओवून हॅलयार्ड (शिडं वर ओढायचे दोर) पण काढून घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तेव्हा डेकवर जे जे दिसतंय ते सगळं वाऱ्याला पकडायला दिलेलं हँडल आहे असं समजायचं.

आणि कॉकपिटचे ड्रेन. पिंपळाच्या पानाएवढं एक पान पुरतं ते बुजवायला, मग पावसाने कॉकपिट टबासारखा भरतो आणि पाणी पायऱ्यांवरून थेट केबिनमध्ये. जमिनीवरची बोट पावसाच्या पाण्याने आतून बुडते यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तळाला ड्रेन प्लग असेल तर काढून ठेवा, नसेल तर यार्डला तळातला स्पीड सेन्सर बाहेर काढायला सांगा, त्या भोकातून पाणी निघून जाईल.

सर, दरवर्षी बोट बंद करून देशात जातो आणि परत आल्यावर आत बुरशी आणि झुरळं. उपाय?
— एक वाचक, मायामी

झुरळं पुठ्ठ्यातून येतात. किराण्याचे खोके बोटीवर नेऊच नका, पुठ्ठ्याच्या घडीत त्यांची अंडी असतात, सामान डॉकवरच पिशव्यांमध्ये काढा. पोहे, रवा, डाळ-तांदूळ काही मागे ठेवायचं नाही, सीलबंद पाकीट असलं तरी नाही.

बुरशी टाळायला कोरडी हवा लागते बाकी काही नाही. यार्डात वीज मिळत असेल तर डीह्युमिडिफायर सिंकवर ठेवून त्याचा पाइप ड्रेनमध्ये सोडा, म्हणजे भांडं ओतायला कोणी लागत नाही. पण वादळाने वीज गेली की तो बंद, म्हणून निघायच्या आधी सगळ्या भिंती, कपाटं व्हिनेगरने पुसा, गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटांची दारं आणि फ्रिजचं दार उघडं, जमिनीच्या फळ्या पण उचलून ठेवा. कपडे घरी न्या. सुती चादर एक राहिली तरी तिथून सुरुवात होते.

नमस्कार. मी न्यू जर्सीला राहतो, हिवाळ्यात तीन महिने कॅरिबियनमध्ये सेलिंग करतो, बोट तिकडेच ठेवतो. इतकी वर्षं ग्रेनडाला ठेवत होतो कारण ते हरिकेन बेल्टच्या (वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या) खाली आहे असं सगळे सांगायचे. बेरिलनंतर धास्ती बसलीय. त्रिनिदादला न्यावी का? इन्शुरन्सवाले वेगळंच काही सांगतात.
— एक वाचक, न्यू जर्सी

‘बेल्टच्या खाली’ हे वाक्य मी आयव्हनच्या आधी पण ऐकलंय. ग्रेनडा साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावर, वादळं बहुतेक त्याच्या वरून जातात, म्हणून लोक तिथे निर्धास्त बोटी रचून जायचे, दाटीवाटीने, नुसत्या स्टँडवर, स्ट्रॅप कशाला पाहिजेत म्हणून. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन थेट बेटावर आलं, बेटावरच्या दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं आणि यार्डातल्या बोटी एकीवर एक आडव्या. पुढच्याच वर्षी जुलैत एमिली. मग जवळजवळ वीस वर्षं शांतता, आणि लोक परत विसरायला लागले तोवर १ जुलै २०२४ ला बेरिल कॅटेगरी ४ (जोराच्या पाच पायऱ्यांतली चौथी) होऊन ग्रेनडाच्याच कॅरियाकू बेटावर आलं. चोवीस तासांच्या आत ते कॅटेगरी ५ झालं, अटलांटिकच्या नोंदीत इतक्या लवकर कधीच झालं नव्हतं. कॅरियाकूच्या टायरल बेमध्ये खारफुटीत बोटी घुसवून बांधलेल्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांची आसऱ्याची जागा ती, तिथेही दाणादाण उडाली. ग्रेनडाच्या दक्षिण किनाऱ्याला त्या मानाने फारच कमी लागलं. म्हणजे तीस-चाळीस मैलांच्या फरकाने नशीब बदलतं, आणि ते आधी कोणाला कळत नाही.

तेव्हा अंशांच्या भरवशावर राहू नका, पण अंश सोडून पण देऊ नका. त्रिनिदादचं चॅग्वारामस साडेदहा अंशांच्या आसपास, तिथे वादळ क्वचितच फिरकतं, कामं करणारे कारागीर भरपूर, फक्त दमट इतकं की वरचं बुरशीचं उत्तर तुम्हालाही लागू. क्युरसाओ कोरडं ठणठणीत आहे, वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बाजूला, पण तिथून परत पूर्वेला यायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जायचं, ते तीन-चार दिवस नकोसे होतात. ग्वाटेमालाच्या रिओ दुल्से नदीत पण पुष्कळ लोक जातात, आत गोडं पाणी, भोवती डोंगर, लाट नाही, पण नदीच्या तोंडाशी लिव्हिंगस्टनला वाळूचा उथळ बांध आहे आणि सहा फुटांपेक्षा खोल कील असेल तर स्थानिक लोक दुसऱ्या लाँचने तुमचा मास्ट दोरीने ओढून बोट तिरकी करतात आणि तशीच फरफटत आत नेतात. बघायला मजा येते, दुसऱ्याची बोट असेल तर.

मी तुमच्या जागी असतो तर ग्रेनडाच सोडलं नसतं, पण स्ट्रॅप मारणारं, दोन बोटींत मोकळी जागा ठेवणारं यार्ड घेतलं असतं, मास्ट उतरवला असता. आणखी एक पद्धत आहे, फिजीत वुडा मरीनाला करतात, जमिनीत खड्डा खणून कील त्यात उतरवायची, बोटीचं पोट जमिनीलगत, भोवती जुने टायर. उंचावरून पडायची भीतीच संपते. कुठे अशी सोय दिसली तर पैसे जास्त पडले तरी घ्या, फक्त पावसाने खड्डा भरला तर पाणी जातं कुठे एवढं विचारून.

इन्शुरन्सचं असं आहे, की पॉलिसी काढा, चहा घ्या, आणि ‘नेम्ड स्टॉर्म’ हे शब्द शोधत बसा. बऱ्याच पॉलिसींमध्ये नाव दिलेल्या वादळाचं डिडक्टिबल (आपल्या खिशातून भरायचा हिस्सा) वेगळं आणि जास्त असतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या अक्षांशाच्या खाली बोट पाहिजे ते लिहिलेलं असतं, आणि ती रेषा प्रत्येक कंपनीची वेगळी. एजंट फोनवर ‘चालेल हो’ म्हणाला तर म्हणा ईमेल करा. कंपनीला तुमच्याकडून लेखी हरिकेन प्लॅन पण हवा असतो, मग त्यात ‘शिडं काढणार, मास्ट उतरवणार’ असं लिहिलं असेल तर ते करावंच लागतं, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच कागद समोर ठेवतात. निघताना सगळ्या बाजूंनी फोटो काढा, स्टँड, साखळ्या, स्ट्रॅप, उघडं कपाट सगळं.

काका, आमचे हे म्हणतायत की वादळ आलं तर मी बोटीवरच थांबणार, दोऱ्या सैल-घट्ट करत राहीन, जुने सेलर असंच करायचे. मी काय सांगू?
— एक वाचिका, फोर्ट लॉडरडेल

त्यांना म्हणावं हायवेवर सत्तर मैलांनी जाताना खिडकीतून डोकं बाहेर काढा आणि डोळे उघडे ठेवून दाखवा, वरून पाऊस. कॅटेगरी १ तिथून पुढे सुरू होते, ७४ मैलांपासून. डेकवर उभं राहता येत नाही, पुढच्या टोकापर्यंत रांगत जायला लागतं, आणि ज्या दोरीवर बोटीचं सगळं ओझं आलंय ती क्लीटवरून सोडायला गेलात तर हाताची बोटं जातात. अडकले तर सोडवायला कोणी येणार नाही, त्या वाऱ्यात कोस्ट गार्ड पण थांबून राहतं. दोऱ्या अशा बांधायच्या की त्यांना हात लावायलाच लागू नये, ते काम आदल्या दिवशी दुपारपर्यंत संपतं. नंतर घराला कुलूप लावून दोघंही आत कुठेतरी नातेवाइकांकडे जा. बोट इन्शुरन्समधून परत येते. हे ऐकत नसतील तर माझा नंबर संपादकांकडून घ्या, मी बोलतो त्यांच्याशी.

आमच्या इथे केमाह भागात ऑगस्टमध्ये सगळी यार्डं फुल असतात. बोट मरीनात पाण्यातच ठेवावी लागणार. कमीत कमी काय करावं?
— एक वाचक, ह्यूस्टनजवळ

गॅलव्हेस्टन बे म्हणजे १३ सप्टेंबर २००८ चं आइक बघितलेली माणसं तुमच्या मरीनात अजून असतील, त्यांना आधी भेटा, पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवून सांगतील. फ्लोटिंग डॉक असेल तर खांबांची उंची बघा. डॉक पाण्याबरोबर वर सरकत जातो आणि खांब आखूड असतील तर वरून निसटतो, मग डॉक आणि त्याला बांधलेल्या वीस बोटी सगळं लटांबर एकत्र वाहत जातं. फिक्स डॉक असेल तर दोऱ्या जेवढ्या लांब नेता येतील तेवढ्या न्या, समोरच्या डॉकच्या खांबांपर्यंत, बोट मधोमध कोळ्याच्या जाळ्यातल्या कोळ्यासारखी राहिली पाहिजे. लांब दोरीला पाणी चढलं तरी कोन फारसा बदलत नाही, आखूड दोरी सरळ खाली खेचायला लागते.

दोर नायलॉनचा, कारण तो ताणतो आणि धक्का खातो. पण नायलॉनची गंमत माहितीय का, तो ताणतो-आखडतो ताणतो-आखडतो तेव्हा आतल्या आत घासून तापतो. लोक घासू नये म्हणून वरून प्लास्टिकचा पाइप चढवतात, मग पावसाचं पाणी आत जात नाही, उष्णता बाहेर येत नाही. एका वादळानंतर मी असा पाइप कापून बघितला, बाहेरून काही दिसत नव्हतं, आत दोर वितळून चिक्कीसारखा कडक झाला होता, हातात घेतला तर तुकडा मोडला. म्हणून चॉकमधून म्हणजे डेकच्या काठावरच्या खाचेतून जाणाऱ्या तेवढ्या हातभर भागाला पॉलिएस्टर वापरा, तो घासायला चिवट असतो, पुढे त्याला नायलॉन जोडा, आणि वरून जुन्या फायर होजचं कापड नाहीतर चामडं गुंडाळा जे भिजतं. दोऱ्यांचा दुसरा जोड पहिल्यापेक्षा जरा सैल, पहिला तुटला की तो काम सुरू करेल. आणि क्लीटच्या खाली डेकच्या आतून धातूची पट्टी आहे का बघा, नुसत्या वॉशरवर बसवलेलं क्लीट दोरीच्या आधी जातं.

तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या जिवावर सोडू नका. वीज जाणार हे धरूनच चला, मग पंप बॅटरी असेपर्यंत चालतो. त्यापेक्षा पाणी आत येण्याच्या जागा बंद करा, सगळे सीकॉक म्हणजे तळातल्या भोकांचे नळ बंद (कॉकपिट ड्रेनचे सोडून), व्हेंटिलेटर काढून झाकणं लावा, एक्झॉस्टमध्ये लाकडाचा बोळा, आणि तो बोळा मारलाय अशी चिठ्ठी इंजिनच्या चावीला बांधा.

दादा, माझ्याकडे २२ फुटी फायबरची शिडाची होडी आहे, वर उचलता येणारी कील, ट्रेलरसकट. हौशी माणूस, मुंबईहून शनिवार-रविवारी येतो. खाडीत नांगरून ठेवतो. इथले कोळी म्हणतात जूनला वर काढू. तोपर्यंत ठेवली तर चालेल ना?
— एक वाचक, अलिबाग

वर काढा, पण जूनला नको, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. कोळ्यांचं गणित मासेमारी बंदीशी बांधलेलं, १ जून ते ३१ जुलै, त्यांचं पोट त्यावर आहे म्हणून ते शेवटच्या दिवसापर्यंत जातात. तुम्हाला काय घाई नाही. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईला घासून वर गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला थेट आपल्या अलिबागच्या दक्षिणेला लागलं. दोन्ही पावसाळ्याच्या आधीची. आपल्या अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम, एक मे-जून आणि एक दिवाळीच्या आगेमागे. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान आठवत असेल, किती होड्या तेव्हा समुद्रातच होत्या. आणि ऑक्टोबर २०१९ चं क्यार तर किनाऱ्याला लागलंच नाही, लांबून गेलं, तरी देवगड-मालवणकडे पाणी वर चढलं. म्हणून नारळी पौर्णिमेला होडी खाली सोडलीत तरी ट्रेलरची हवा भरलेलीच ठेवा, तीन नंबरचा बावटा लागायची वाट न बघता हवामान खात्याने कमी दाबाचा पट्टा म्हटलं की चाकं पाण्यात घालायची.

आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला पाच मीटरच्या जवळ जातो, फ्लोरिडाच्या आखाताच्या बाजूला तो साधारण मीटरभरच असतो. त्यामुळे वादळ ओहोटीला आलं तर आपण वाचतो आणि उधाणाच्या भरतीला आलं तर खाडीत नांगर-बिंगर काही धरत नाही. मराठा आरमार सुद्धा पावसाळ्यात बंदरात छावणीला जायचं, समुद्रावर थांबायचं नाही. तुमची २२ फुटी काय घेऊन बसलात.

वर काढल्यावर माडाखाली ठेवू नका! निसर्गच्या वेळी मुरुड-श्रीवर्धनकडे माड-पोफळी काडीसारख्या मोडल्या, आणि घरावरचे पत्रे उडून कुठच्या कुठे गेले, पत्रा फायबरमधून सुरीसारखा जातो. उघड्या जागी, कंपाउंडच्या भिंतीच्या वारं अडवणाऱ्या बाजूला पण भिंतीपासून जरा लांब, ट्रेलरचा एक्सल चिऱ्यांवर टेकवून चाकातली हवा काढा, चाकांना दगड, आणि होडी ट्रेलरसकट जमिनीला बांधा, चार कोपऱ्यांना दोन-दोन फूट गाडलेले लोखंडी हुक चालतील, चिऱ्याच्या जमिनीत छान धरतात. मास्ट आडवा करून होडीवरच बांधा. ताडपत्री घालायची तर अशी आवळून की खाली वारा शिरणार नाही, पण दोन्ही टोकांना हवा खेळायला वीतभर फट, नाहीतर आत शेवाळ. खरं तर झावळ्यांनी शाकारलेली होडी ताडपत्रीपेक्षा बरी राहते, झावळी उडाली तर उडाली, होडीला घेऊन जात नाही.

मागचा ड्रेन प्लग काढा आणि नाळ (पुढचं टोक) हातभर उंच ठेवा म्हणजे पावसाचं पाणी मागून निघून जाईल. काढलेला प्लग खिशात ठेवू नका, सुकाणूच्या दांड्यालाच सुतळीने बांधून ठेवा. माझा एकदा पँटसोबत धोब्याकडे गेला होता, आणि नारळी पौर्णिमेच्या दिवशी होडी पाण्यात घातल्यावर ते कळलं.